मनाचे वळणे आणि डोपामिन रोखणारी औषधे : प्रस्तावना

मेंदूतील डोपामिन या रासायनिक संदेशवाहकाचे काम अडवणारी औषधे गेली सत्तर वर्षे वैद्यकात रुळलेली आहेत, आणि त्यांच्याविषयी आजवर मुख्यतः दोनच प्रश्न विचारले गेले : त्यांनी भास आणि भ्रम थांबतात का, आणि त्यांनी हातपाय थरथरतात का. या औषधांवर असलेल्या माणसाचे मन किती सहज वळते, जुना विचार सोडून नवा धरणे त्याला कितपत जमते, हा तिसरा प्रश्न प्रयोगशाळांमध्ये बराच अभ्यासला गेला असला, तरी दवाखान्यातल्या केसपेपरवर, घरातल्या बोलण्यात आणि मराठीतल्या वैद्यकविषयक लेखनात तो फारसा शिरलेला नाही. प्रस्तुत ग्रंथ त्या तिसऱ्या प्रश्नाला वाहिलेला आहे, आणि त्याचे उत्तर ‘ही औषधे मन बोथट करतात’ किंवा ‘ही औषधे मन ताळ्यावर आणतात’ अशा एका वाक्यात मावत नाही, ही त्याची पहिली भूमिका आहे.

मानसिक लवचिकता म्हणजे परिस्थिती बदलली की आपले लक्ष, आपला नियम आणि आपली कृती त्यानुसार बदलण्याची क्षमता होय. ती स्मरणशक्तीहून वेगळी आहे, रूढ अर्थाच्या हुशारीहूनही वेगळी आहे, आणि मुंबईच्या उपनगरांत राहणाऱ्या माणसाला ती दर आठवड्याला लागते. रविवारी मध्य रेल्वेवर माटुंगा ते मुलुंड मेगाब्लॉक असला आणि धीम्या गाड्या जलद मार्गावर वळवल्या की त्या विद्याविहार, कांजूरमार्ग, नाहूर येथे थांबत नाहीत. अशा वेळी घाटकोपरच्या फलाटावर उभ्या असलेल्या आणि नाहूरला जायचे असलेल्या माणसाला गोंगाटातून उद्घोषणा टिपावी लागते, रोजच्या फलाटाकडे आपोआप वळणारे पाऊल आवरावे लागते, मुलुंडला उतरून मागे येणे बरे की बस किंवा रिक्षा पकडणे बरे याचा नवा बेत करावा लागतो, आणि सोमवारी हा बेत विसरून पुन्हा जुन्या नेमाकडे परतावे लागते. बदल टिपणे, सवय रोखणे, नवा नियम धरणे आणि वेळ आल्यावर तोही सोडणे ही चार वेगवेगळी कामे आहेत. मेंदूतील त्यांची ठिकाणे पूर्णपणे एक नाहीत, आणि डोपामिनची पातळी बदलली की चारही एकाच दिशेने बदलतील असेही नाही. या विषयातला बराचसा गोंधळ या चार कामांना एकच नाव दिल्यामुळे झालेला आहे.

लवचिकता मोजण्याची सर्वांत प्रसिद्ध चाचणी १९४८ साली अमेरिकेत डेव्हिड ग्रँट आणि एस्टा बर्ग यांनी मांडली, आणि तिला विस्कॉन्सिन पत्तेचाचणी म्हणतात. समोर चार पत्ते मांडलेले असतात. त्यांवर त्रिकोण, चांदणी, फुली, वर्तुळ अशा आकृत्या असतात, त्यांचे रंग चार आणि संख्या एक ते चार. हातात आलेला प्रत्येक पत्ता या चारांपैकी एकाशी जुळवायचा असतो, पण रंगाने, आकाराने की संख्येने, हे सांगितले जात नाही; परीक्षक फक्त ‘बरोबर’ किंवा ‘चूक’ एवढेच म्हणतो. माणूस चाचपडत रंगाचा नियम शोधून काढतो, ओळीने दहा पत्ते बरोबर लावतो, आणि मग काहीही न सांगता नियम बदलला जातो. कालपर्यंत बरोबर असलेले उत्तर आता चूक ठरू लागते. बहुतेक माणसे दोन-तीन चुकांनंतर रंग सोडून आकाराकडे वळतात. काही माणसे मात्र ‘चूक, चूक’ असे ऐकत असूनही रंगच धरून बसतात, आणि विचारले तर ‘नियम बदललाय हे कळतंय’ असेही सांगतात. कळणे आणि वळणे यांतले अंतर मोजता येते, हे या चाचणीने दाखवले. दुसऱ्या जातीच्या चाचण्यांत दोन चित्रांपैकी एकाला बक्षीस मिळते आणि मध्येच ते दुसऱ्याला मिळू लागते. येथे अमूर्त नियम नसतो, लाभ कोठे आहे एवढेच उलटते. या दोन जातींच्या चाचण्यांवर एकाच औषधाचे परिणाम वेगळे येऊ शकतात, हे पुढच्या सर्व चर्चेत ध्यानात ठेवावे लागते.

या औषधांच्या इतिहासाची सुरुवात बहुतेक पाठ्यपुस्तके पॅरिसपासून करतात, पण मुंबईच्या वाचकाला तो इतिहास घराजवळून वाचता येतो. सर्पगंधा ही वनस्पती भारतीय वैद्यकात उन्मादावर शतकानुशतके दिली जात होती. १९३१ साली कलकत्त्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी तिचा उपयोग उन्माद आणि रक्तदाब या दोहोंत होतो असे आधुनिक वैद्यकाच्या भाषेत नोंदवले. १९४९ साली मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातील हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी उच्च रक्तदाबाच्या रुग्णांवरील सर्पगंधेच्या प्रयोगाचा लेख ब्रिटनच्या हृदयरोगविषयक नियतकालिकात छापला, आणि जगाचे लक्ष या मुळीकडे वळले. १९५२ साली स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून रेसर्पिन हे द्रव्य वेगळे झाले आणि पुढे न्यूयॉर्कजवळच्या मनोरुग्णालयात नेथन क्लाइन यांनी ते मनोरुग्णांना देऊन पाहिले. त्याच सुमारास फ्रान्समध्ये शस्त्रक्रियेपूर्वी रुग्ण शांत राहावा म्हणून औषध शोधणाऱ्या आंरी लाबोरी यांना क्लोरप्रोमझिन घेतलेल्या रुग्णांत एक विलक्षण अलिप्तता दिसली, आणि १९५२ साली पॅरिसच्या सेंट-आन रुग्णालयात जाँ डले आणि पिएर दनिकेर यांनी ते औषध तीव्र मनोविकारात वापरले. १९५७ चा लास्कर पुरस्कार वकील, क्लाइन, लाबोरी, दनिकेर, हाइन्झ लेहमन आणि रॉबर्ट नोस यांना एकत्र दिला गेला. मुंबईच्या एका डॉक्टरचे नाव या शास्त्राच्या जन्मदाखल्यावर आहे, आणि त्या नावाचा उल्लेख मराठीत याहून अधिक व्हायला हवा होता.

या औषधांमुळे मेंदूत नेमके काय होते, हे मात्र तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते. ते कळण्याचा मार्गही सर्पगंधेतूनच गेला. स्वीडनच्या आर्विड कार्लसन यांनी १९५७ साली रेसर्पिन देऊन निश्चल केलेल्या सशांना आणि उंदरांना एल-डोपा, म्हणजे ज्यापासून शरीर डोपामिन बनवते ते द्रव्य, टोचले. थोड्याच वेळात ते प्राणी पुन्हा हालचाल करू लागले. रेसर्पिन मेंदूतील डोपामिनचा साठा रिकामा करते, आणि डोपामिन हा स्वतंत्र संदेशवाहक आहे, असे त्यातून उघड झाले. क्लोरप्रोमझिन आणि १९५८ साली बेल्जियमच्या पॉल यान्सेन यांच्या प्रयोगशाळेत बनलेले हॅलोपेरिडॉल साठा रिकामा करत नाहीत, तर डोपामिन ज्या ग्राहींवर, म्हणजेच रिसेप्टरांवर, बसते त्या जागा अडवून धरतात, असा अंदाज कार्लसन यांनीच १९६३ साली मांडला. १९७० च्या दशकाच्या मध्यात फिलिप सीमन आणि सॉलोमन स्नायडर यांच्या गटांनी दाखवले की एखादे औषध डी-२ नावाच्या ग्राहीला जितके घट्ट चिकटते तितकी त्याची कमी मात्रा पुरते. पुढे जिवंत माणसाच्या मेंदूतील ग्राही पेट-स्कॅनने पाहता येऊ लागल्यावर मात्रेचा प्रश्न अधिक रेखीव झाला : सुमारे ६५ टक्के डी-२ ग्राही व्यापले गेले की बहुतेक रुग्णांत गुण दिसतो, आणि ८० टक्क्यांच्या आसपास गेले की थरथर, ताठरपणा, मंद हालचाल सुरू होते. या दोन आकड्यांमधली पट्टी अरुंद आहे. या ग्रंथातील बरेचसे विवेचन त्या पट्टीतच घडते.

लवचिकतेच्या अभ्यासाचा पहिला संप्रदाय अग्रमेंदूचा, म्हणजे कपाळामागच्या प्रीफ्रंटल कॉर्टेक्सचा आहे. १९७९ साली अमेरिकेत ब्रोझोस्की, पॅट्रिशिया गोल्डमन-राकिच आणि सहकाऱ्यांनी माकडांच्या अग्रमेंदूतील डोपामिन नाहीसे केले, तेव्हा त्यांची कामगिरी तो भागच काढून टाकल्याइतकी घसरली. त्यानंतरच्या कामातून एक कमानीसारखे नाते पुढे आले : डोपामिन फार कमी असले तर विचार टिकत नाही, फार जास्त असले तरी बिघडतो, मधल्या पातळीवर मन सर्वांत चांगले चालते. या नात्याचा अर्थ मोठा आहे, कारण डोपामिन अडवणारी एकच गोळी कमानीच्या उजव्या उतारावरच्या माणसाला शिखराकडे आणील आणि शिखरावरच्या माणसाला डाव्या उतारावर ढकलील. दुसरा संप्रदाय डी-१ आणि डी-२ या दोन ग्राहींत कामाची वाटणी पाहतो : डी-१ चा जोर असला की मन हातातला विचार घट्ट धरते, डी-२ चा जोर असला की ते सैल होऊन नव्या शक्यतांकडे वळते. हे मत ग्राह्य धरले तर डी-२ अडवणारे औषध मनाला धरण्याच्या बाजूला झुकवील, हे ओघाने येते. प्राण्यांवरील पुष्कळ प्रयोग याला दुजोरा देतात. उंदरांच्या अग्रमेंदूत डी-२ अडवला की ते जुन्या नियमाला चिकटतात, आणि माकडांना डी-२ अडवणारे रॅक्लोप्राइड दिले की बक्षिसाची जागा बदलल्यावर ती जुन्याच जागी हात घालत राहतात.

माणसांतले थेट पुरावे निरोगी स्वयंसेवकांकडून आले. केंब्रिजमध्ये मिटुल मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ पासून तरुण, निरोगी माणसांना सल्पिराइड या डी-२ अडवणाऱ्या औषधाची एकच मात्रा देऊन चाचण्या घेतल्या, तेव्हा एका कामावरून दुसऱ्या कामाकडे लक्ष वळवण्यात त्यांची कामगिरी कमी पडली, आणि एकूण चित्र पार्किन्सनच्या रुग्णांमध्ये आढळते तसे निघाले. नेदरलँड्समध्ये २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात डोपामिनसारखे काम करणाऱ्या ब्रोमोक्रिप्टिनमुळे लवचिकतेत झालेला बदल सल्पिराइड आधी दिल्यास पुसला गेला, म्हणजे बदलाचा रस्ता डी-२ मधूनच जातो असे ठरले. रोशन कूल्स यांनी पार्किन्सनच्या रुग्णांत दाखवलेली गोष्ट तर या क्षेत्रातील सर्वांत बोधक म्हणावी लागेल : एल-डोपा घेतल्यावर रुग्णांची कामे बदलण्याची क्षमता सुधारते, पण बक्षीस उलटले की ते ओळखण्याची क्षमता त्याच गोळीने बिघडते, कारण मेंदूच्या ज्या भागात डोपामिन आटलेले होते तेथे ते पुरेसे होते आणि ज्या भागात ते शाबूत होते तेथे ते अति होते.

तिसरा संप्रदाय शिकण्याचा आहे. वुल्फ्राम शुल्त्झ यांनी माकडांच्या डोपामिन पेशींचे आवेग नोंदवून दाखवले की या पेशी बक्षिसाला नव्हे तर अपेक्षेपेक्षा चांगल्या किंवा वाईट घडण्याला प्रतिसाद देतात. त्या मेंदूला जणू ‘तुझा अंदाज चुकला, बदल’ असे कळवतात. या दृष्टीने लवचिकता ही चुकीची खबर वेळेवर पोचण्यावर अवलंबून आहे. शितिज कपूर यांनी २००३ साली याच पायावर मनोविकाराचा एक सिद्धान्त उभा केला : तीव्र अवस्थेत डोपामिन अकारण उसळते, त्यामुळे शेजाऱ्याचे खोकणे, बसवरची जाहिरात, फोनची रिंग अशा क्षुल्लक गोष्टींना विलक्षण महत्त्व चढते, आणि त्या महत्त्वाचा अर्थ लावताना भ्रम तयार होतो. औषध भ्रम पुसत नाही. ते गोष्टींवर चढलेले अवाजवी महत्त्व उतरवते, आणि मग रुग्ण हळूहळू स्वतःच तो अर्थ सोडतो. हा सिद्धान्त मान्य केला तर हेही मान्य करावे लागते की औषध फक्त भयावह महत्त्वच उतरवील असे नाही. नातवाचे हसणे, गणपतीची आरास, नव्या नोकरीची संधी यांचेही महत्त्व ते उतरवू शकते.

येथपर्यंतचा पुरावा एकाच दिशेला बोट दाखवतो, आणि पुष्कळ लेखक येथेच थांबून औषधांवर दोष ठेवतात. प्रस्तुत ग्रंथ तसे करत नाही, कारण भ्रम ही स्वतःच मनाच्या अलवचिकतेची टोकाची अवस्था आहे. ‘समोरच्या बिल्डिंगमधून आपल्यावर नजर ठेवली जाते’ असे मानणाऱ्या माणसापुढे कितीही पुरावे ठेवले तरी त्याचा नियम बदलत नाही. पत्तेचाचणीतली ‘चूक, चूक’ त्याला दिवसभर ऐकू येते आणि तरी पत्ता तेथेच पडतो. बोरिवलीत १९८८ साली डॉ. भरत वाटवानी आणि डॉ. स्मिता वाटवानी यांनी सुरू केलेल्या श्रद्धा रिहॅबिलिटेशन फाउंडेशनचे काम या संदर्भात मुद्दाम पाहण्यासारखे आहे. रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णांना ही संस्था आसरा देते, उपचार करते, आणि ती माणसे आपले नाव, गाव, नदी, स्टेशन सांगू लागली की त्यांना देशाच्या कोणत्याही कोपऱ्यातील घरी पोचवते. संस्थेच्या कर्जतच्या केंद्रातून अशी हजारो माणसे घरी परतली, आणि २०१८ साली डॉ. वाटवानी यांना रेमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. काल उकिरड्याजवळ पुटपुटत बसलेला माणूस काही आठवड्यांच्या उपचारांनंतर दाढी करून घेतो, पंक्तीत बसून जेवतो, आणि आपल्या तालुक्याचे नाव उच्चारतो. त्याच्या मनाला वळण्याची मुभा ज्यांनी परत दिली त्या उपचारांत डोपामिन रोखणाऱ्या औषधांचा मोठा वाटा असतो. केंब्रिजच्या निरोगी तरुणाला जे औषध किंचित ताठर करते, त्याच जातीचे औषध येथे मन सोडवते, आणि ही विसंगती नाही. कमानीवर दोघांची जागा वेगळी आहे एवढेच.

मोठ्या चाचण्यांचे निष्कर्षही असेच मधले आहेत. अमेरिकेतील कॅटी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आणि सुमारे १,५०० रुग्णांच्या अभ्यासात, बोधात्मक क्षमता, म्हणजे लक्ष, स्मरण, नियोजन आणि लवचिकता, सर्वच औषधांवर थोड्या सुधारल्या, आणि महागडी नवी औषधे जुन्या परफेनझिनपेक्षा सरस ठरली नाहीत. त्यावर टेरी गोल्डबर्ग आणि सहकाऱ्यांनी २००७ साली असा आक्षेप घेतला की पहिल्या झटक्याच्या रुग्णांत दिसणारी अशी सुधारणा तीच चाचणी पुन्हा दिल्याने निरोगी माणसातही दिसते, म्हणजे ती सरावाची आहे, औषधाची नव्हे. दुसऱ्या बाजूला, दीर्घकाळ दिलेल्या औषधाचा परिणाम एका मात्रेहून वेगळा असतो : कॅस्टनर, विल्यम्स आणि गोल्डमन-राकिच यांनी २००० साली दाखवले की माकडांना महिनोन्‌महिने हॅलोपेरिडॉल दिल्यास कार्यस्मृती, म्हणजे हातातले काम संपेपर्यंत गोष्ट ध्यानात धरण्याची क्षमता, खालावते, आणि डी-१ ग्राहींना थोडे दिवस उत्तेजन दिल्यास ती सावरते. हानी होते, पण ती कायमची असतेच असे नाही, हा या प्रयोगाचा दिलासा आहे.

दवाखान्यात हा प्रश्न आणखी गुंतागुंतीचा होतो, आणि ग्रंथातील सर्वांत मोठा भाग त्या गुंतागुंतीला दिला आहे. ‘गोळ्या सुरू झाल्यापासून त्याला काही सुचतच नाही, एक सांगितलं की तेच धरून बसतो’ ही तक्रार सरकारी आणि पालिकेच्या मनोविकार ओपीडीत, मग ती मुलुंड चेकनाक्यापलीकडे ठाण्याच्या मनोरुग्णालयात असो की विलेपार्ल्याच्या कूपर रुग्णालयात, नेहमी ऐकू येणारी आहे. या एका तक्रारीमागे किमान चार कारणे असू शकतात : मूळ आजार, डी-२ वरची अति मात्रा, झोप आणणारा परिणाम, आणि चौथे, सर्वाधिक दुर्लक्षित, ते थरथर कमी करण्यासाठी दिलेले दुसरे औषध. डोपामिन अडवले की मेंदूच्या खोल भागातील समतोल अॅसिटिलकोलिन या दुसऱ्या संदेशवाहकाच्या बाजूला कलतो आणि अंग ताठरते. ते सावरण्यासाठी ट्रायहेक्सिफेनिडिल दिले जाते, जे अॅसिटिलकोलिन अडवते. पण अॅसिटिलकोलिन ही स्मरणाची आणि लक्षाची गरज आहे. आपल्याकडे रिस्पेरिडोन आणि ट्रायहेक्सिफेनिडिल एकाच गोळीत घालून विकले जाते, म्हणजे ज्याला थरथर नाही त्यालाही दुसरे औषध आपोआप मिळते. अशा सरसकट वापराविरुद्ध जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने १९९० सालीच तज्ज्ञांचे एकमत छापले गेले आहे. डी-२ च्या माथी मारली जाणारी मंदता पुष्कळदा या जोडगोळीची असते, आणि ती ओळखली तर मूळ औषधाला हात न लावता कमी करता येते. हे एवढे सोपे काम वर्षानुवर्षे होत नाही, याचे वाईट वाटल्याशिवाय राहत नाही.

मात्रा किती हवी, हे ओळखण्याची एक जुनी पद्धत विस्मरणात गेली आहे आणि तिची आठवण येथे द्यावीशी वाटते. हान्स-योआखिम हासे या जर्मन मनोविकारतज्ज्ञांनी रुग्णाकडून तेच वाक्य वारंवार लिहून घेतले. मात्रा वाढत गेली की एका टप्प्यावर अक्षर बारीक आणि आखडलेले होते, आणि तो टप्पा म्हणजे औषधाचा उंबरठा, असे त्यांचे म्हणणे होते. अमेरिकेत जोसेफ मॅकएव्हॉय यांनी १९९१ साली या तत्त्वाची परीक्षा घेतली, तेव्हा हॅलोपेरिडॉलचा हा उंबरठा सरासरी ३.७ मिलिग्रॅम निघाला आणि त्याच्या वर मात्रा नेल्याने भास-भ्रमांत जास्त फायदा झाला नाही, त्रास मात्र वाढला. अक्षर असे आखडले की बँकेच्या काउंटरवर सही जुळत नाही म्हणून चेक परत येतो, आणि घरचे लोक त्याला रुग्णाचा हट्ट किंवा निष्काळजीपणा समजतात. ती आक्रसलेली सही डॉक्टरांपर्यंत पोचली तर तिच्यातून रक्ताच्या चाचणीइतकी माहिती मिळू शकते.

या विषयाची आणखी एक बाजू मनोविकाराच्या पलीकडची आहे, आणि ती उपनगरातील अनेक वाचकांच्या औषधांच्या डब्यातच आहे. उलटीवर दिले जाणारे मेटोक्लोप्रमाइड, चक्करवर दिले जाणारे प्रोक्लोरपेरझिन आणि ‘गॅसची गोळी’ म्हणून घेतले जाणारे लेवोसल्पिराइड ही सर्व डी-२ अडवणारी औषधे आहेत. डोम्पेरिडोन त्याच जातीचे असले तरी मेंदूत फारसे शिरत नाही. लेवोसल्पिराइडकडे मात्र वेगळे लक्ष द्यायला हवे, कारण ते सल्पिराइडचाच क्रियाशील अर्धा भाग आहे. ज्या रेणूने केंब्रिजच्या तरुणांचे लक्ष वळणे मंदावले, तोच रेणू अंधेरी-बोरिवलीच्या केमिस्टकडे ७५ मिलिग्रॅमच्या मात्रेत आम्लपित्ताच्या रॅबेप्राझोलसोबत एकाच कॅप्सुलमध्ये मिळतो. प्रयोगातली मात्रा याहून बरीच मोठी होती, आणि आठवडाभर कॅप्सूल घेतलेल्या तरुणाने घाबरण्याचे कारण नाही. परंतु जुन्या चिठ्ठीवर महिनोन्‌महिने ती घेत राहणाऱ्या सत्तरीच्या माणसात चाल मंदावणे, चेहरा कोरा होणे, ‘आजोबा आता फार हेकेखोर झालेत’ असे घरात बोलले जाणे, हे पार्किन्सनचे किंवा वयाचे न मानता आधी कॅप्सूलचे मानून पाहायला हवे. मेटोक्लोप्रमाइड पाच दिवसांहून अधिक देऊ नये असे युरोपच्या औषध नियामकांनी २०१३ साली ठरवले. आपल्याकडे गॅसच्या कॅप्सुलांबाबत अशी सावधगिरी घराघरांत पोचलेली नाही.

मग मात्रा कमी करावी की नाही? या वादात आज दोन बाजू उघड आहेत. नेदरलँड्सच्या लेक्स वुंडेरिंक यांनी २०१३ साली पहिल्या झटक्याच्या रुग्णांचा सात वर्षांचा पाठपुरावा छापला. सुरुवातीच्या काळात मात्रा कमी करण्याचा प्रयत्न झालेल्या गटात पुनर्प्राप्ती सुमारे ४० टक्के होती, नेहमीच्या मात्रेवर ठेवलेल्या गटात सुमारे १८ टक्के. आशा वाढवणारा हा निष्कर्ष २०२३ साली इंग्लंडच्या रडार चाचणीने थोपवला : जुन्या रुग्णांत मात्रा हळूहळू उतरवल्यावर दोन वर्षांनी सामाजिक कामकाजात फरक दिसला नाही, आणि गंभीर पुनरुद्भव १३ टक्क्यांऐवजी २५ टक्के रुग्णांत झाला. ग्रंथाचे मत असे की हे दोन अभ्यास परस्परांना खोटे पाडत नाहीत, ते आजाराच्या वेगवेगळ्या टप्प्यांविषयी बोलतात. आणि कोणत्याही टप्प्यावर रुग्णाने किंवा नातेवाइकाने स्वतःच्या मनाने गोळी अचानक बंद करणे, हा या दोन्हींपैकी कोणत्याही अभ्यासाने सुचवलेला मार्ग नाही. अचानक थांबवलेल्या औषधानंतर उसळून आलेला आजार रुग्णाच्या लवचिकतेचे जे नुकसान करतो, ते जास्तीच्या एखाद्या मिलिग्रॅमने होणाऱ्या नुकसानाहून मोठे असते.

हा विषय आताच मांडण्याची निकड तीन गोष्टींतून आली आहे. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणाने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत पाहणी केली आणि आयुष्यात कधीतरी तीव्र मनोविकार होण्याचे प्रमाण १.४ टक्के सांगितले. महाराष्ट्र त्या बारांत नव्हता, पण हे प्रमाण गृहीत धरले तरी मुंबई उपनगर जिल्ह्यात या औषधांशी संबंध येणारी कुटुंबे लाखाच्या घरात जातात. दुसरे, २९ मे २०१८ पासून लागू झालेल्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाला उपचारांचे फायदे-तोटे समजून घेऊन संमती देण्याचा आणि पुढच्या आजारपणात कोणते उपचार हवेत, कोणते नकोत, हे आधी लिहून ठेवण्याचा हक्क दिला आहे; मनाच्या वळण्यावर औषध काय करते हे ठाऊक नसेल तर ती संमती अपुरी राहते. तिसरे, सप्टेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत झॅनोमेलिन आणि ट्रोस्पियम यांच्या मिश्रणाला मान्यता मिळाली, आणि सत्तर वर्षांनंतर प्रथमच डोपामिनचे ग्राही न अडवता स्किझोफ्रेनियावर चालणारे औषध आले. त्याने लवचिकता खरोखर वाचते का, हे दीर्घकालीन वापरातून ठरेल. पण ‘डी-२ अडवल्याशिवाय उपाय नाही’ हे जे गृहीतक आजवरच्या सर्व तडजोडींचा आधार होते, ते आता ढिले झाले आहे.

मराठीत या आजाराविषयी बोलण्याची परंपरा आहे. ठाण्याच्या आय.पी.एच. या संस्थेने १९९० पासून मनआरोग्याची भाषा घराघरांत नेली, पुण्यात डॉ. जगन्नाथ वाणी यांच्या प्रेरणेने उभ्या राहिलेल्या स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनने काळजीवाहकांना एकत्र आणले, आणि ‘देवराई’ या २००४ च्या चित्रपटाने रुग्णाचे आतले जग पडद्यावर मांडले. या परंपरेने आजाराची लाज कमी केली. औषधाविषयीचे बारीक प्रश्न विचारण्याचे काम तिच्यापुढे अजून उरले आहे, आणि प्रस्तुत ग्रंथ ते काम पुढे नेऊ पाहतो. त्याची रचना औषधांच्या यादीनुसार नाही. लवचिकतेच्या वर सांगितलेल्या चार कामांनुसार आहे, आणि प्रत्येक ठिकाणी प्राण्यांवरचा पुरावा, निरोगी माणसांवरचा पुरावा आणि रुग्णांवरचा पुरावा वेगवेगळा ठेवला आहे, जेणेकरून उंदरावरचा निष्कर्ष परस्पर रुग्णाच्या माथी बसू नये. मुलांना चिडचिडीसाठी दिली जाणारी ही औषधे आणि स्मृतिभ्रंशाच्या वृद्धांतला त्यांचा वापर हे दोन मोठे विषय स्वतंत्र विवेचनाच्या योग्यतेचे असल्यामुळे येथे फक्त सूचित केले आहेत.

ग्रंथाचा अपेक्षित वाचक दुहेरी आहे : मनोविकारशास्त्राचा आणि मानसशास्त्राचा विद्यार्थी, ज्याला हे क्षेत्र मातृभाषेत एकदा सलग पाहायचे आहे, आणि रुग्ण किंवा त्याची आई, भाऊ, पत्नी, ज्यांना पुढच्या ओपीडीला काय विचारायचे हे हवे आहे. दुसऱ्या वाचकासाठी शेवटी एक तक्ता जोडला आहे. त्यात दर आठवड्याला भरायच्या चार ओळी आहेत : ठरलेला बेत बदलला तेव्हा काय झाले, तेच काम किती वेळा पुन्हा केले, झोप किती तास झाली, आणि त्याच कागदावर एक सही. थरथरीसाठी, गॅससाठी आणि चक्करसाठी चालू असलेल्या गोळ्यांची नावे लिहायला तक्त्याच्या खाली जागा सोडली आहे, आणि तो केसपेपरच्या मागे लावता येईल एवढ्याच आकारात छापला आहे.